फ्रेडरिक विन्स्लो टेलर

फ्रेडरिक विन्स्लो टेलर (२० मार्च, इ.स. १८५६:जर्मनटाउन, फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - २१ मार्च, इ.स. १९१५:फिलाडेल्फिया) हे अमेरिकन यंत्र अभियंता, संशोधक आणि औद्योगिक सल्लागार होते. शास्त्रीय व्यवस्थापन या विचारसरणीचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांच्या कार्याचा उगम मात्र वरवर अगदी मर्यादित वाटणाऱ्या एका प्रश्नात आहे. लेथवर धातू कापताना कोणता कर्तनवेग ठेवावा आणि फीड किती द्यावा, हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी टेलर यांनी २६ वर्षे प्रयोग केले. त्यांतून उच्चवेगी पोलाद आणि हत्याराच्या आयुष्याचे समीकरण या दोन गोष्टी निष्पन्न झाल्या व त्या आजही वापरात आहेत. याच शोधातून कारागिराच्या हाती असलेल्या निर्णयाचा अधिकार कारखान्याच्या नियोजन कचेरीकडे गेला आणि त्यावरून टेलर यांच्या हयातीतच तीव्र वाद उद्भवला.

बालपण व शिक्षण

टेलर यांचा जन्म एका सुखवस्तू क्वेकर कुटुंबात झाला. वडील फ्रँकलिन टेलर हे वकील होते, तर आई एमिली अ‍ॅनेट विन्स्लो या गुलामगिरीविरोधी चळवळीत भाग घेणाऱ्या होत्या. टेलर यांचे आरंभीचे शिक्षण आईच्या देखरेखीखाली घरीच झाले. पुढे फ्रान्स व जर्मनीत शिक्षण आणि युरोपचा प्रवास करून परतल्यावर इ.स. १८७२मध्ये ते न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्झेटर अकॅडमीत दाखल झाले. वडिलांप्रमाणे कायद्याचा अभ्यास करण्यासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात जाणार होते आणि तेथील प्रवेश परीक्षाही ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले होते. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे व सततच्या डोकेदुखीमुळे त्यांनी तो विचार सोडला.

त्यानंतर इ.स. १८७४च्या सुमारास फिलाडेल्फियातील पंप तयार करणाऱ्या एंटरप्राइज हायड्रॉलिक वर्क्स या कारखान्यात त्यांनी पॅटर्नमेकर व यंत्रकारागीर म्हणून उमेदवारी पत्करली. सधन घरातील मुलाने तेल-काजळीत काम करण्याचा हा निर्णय त्या काळी असाधारण होता. चार वर्षांच्या उमेदवारीत त्यांना कारागिरांची भाषा, त्यांचे कौशल्य आणि काम रेंगाळत ठेवण्याच्या त्यांच्या युक्त्या आतून समजल्या. पुढील आयुष्यात त्यांना या ज्ञानाचा उपयोग झाला आणि त्याच ज्ञानामुळे कामगारांचा त्यांच्यावर रोषही ओढवला.

मिडवेल पोलाद कारखाना

इ.स. १८७८मध्ये टेलर मिडवेल पोलाद कारखान्यात रुजू झाले. इ.स. १८७३च्या आर्थिक मंदीचे सावट अद्याप होते, त्यामुळे कुशल कारागीर असूनही त्यांना साध्या मजुराचे काम स्वीकारावे लागले. तेथून लेखनिक, लेथवरील कारागीर, टोळीप्रमुख, फोरमन असे चढत ते कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. नोकरी सांभाळून अभ्यास करत त्यांनी इ.स. १८८३मध्ये स्टीव्हन्स तंत्रशिक्षण संस्थेची यंत्र अभियांत्रिकीची पदवीही मिळवली.

टोळीप्रमुख झाल्यावर त्यांचा हाताखालच्या कारागिरांशी संघर्ष सुरू झाला. त्या वेळी मजुरी नगावर ठरत असे. उत्पादन वाढले की मालक प्रत्येक नगाचा दर उतरवत, म्हणून कारागीर संगनमताने कामाची गती मंद ठेवत. काल-परवापर्यंत स्वतः लेथवर उभे असलेल्या टेलर यांना यंत्रावर याहून बरेच अधिक काम निघू शकते हे ठाऊक होते. दोन-तीन वर्षे चाललेल्या कटू झगड्यात त्यांनी दंड, दरकपात व कामावरून काढणे हे सर्व उपाय केले. अखेर उत्पादन वाढले, परंतु एक अडचण उरलीच. एखाद्या कामाला योग्य वेळ किती, हे कारागीर सांगत नसे आणि फोरमनला ते सिद्ध करता येत नसे. दोघांचेही मत अंदाजावर आधारलेले होते. हा अंदाज नाहीसा करावा या हेतूने इ.स. १८८०मध्ये टेलर यांनी कारखान्याचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्याकडे धातू कापण्याचे प्रयोग करण्याची परवानगी मागितली. सेलर्स हे स्वतः यांत्रिक हत्यारांचे नामवंत निर्माते होते. त्यांनी परवानगी दिली. काम सहा महिन्यांत संपेल असा टेलर यांचा कयास होता.

कर्तनवेग व फीड यांवरील प्रयोग

लेथवर काम करणाऱ्याला प्रत्येक जॉबच्या वेळी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली कर्तनवेग, म्हणजे हत्याराच्या धारेजवळून धातूचा पृष्ठभाग एका मिनिटात किती अंतर सरकतो ते माप. दुसरी फीड, म्हणजे जॉबच्या प्रत्येक फेऱ्यागणिक हत्यार किती पुढे सरकते ते माप. तिसरी कापाची खोली. वेग फार ठेवला तर धार तापून मऊ पडते व हत्यार पुन्हा पुन्हा घासावे लागते. वेग फार कमी ठेवला तर हत्यार टिकते, पण यंत्राचा वेळ वाया जातो. टेलर यांच्या पूर्वी या तिन्ही गोष्टी कारागीर अनुभवाने, आवाजावरून आणि निघणाऱ्या किसाच्या रंगावरून ठरवत असे.

टेलर यांनी प्रयोगासाठी ६६ इंच व्यासाचे एक उभे बोअरिंग यंत्र आणि रेल्वे इंजिनाच्या चाकांवरील पोलादी धावा निवडल्या. या धावांचे पोलाद सर्वत्र सारखे असल्याने धातूतील फरकामुळे निष्कर्ष बिघडण्याची भीती कमी होती. एका वेळी एकच घटक बदलायचा व उरलेले सर्व स्थिर ठेवायचे, हा त्यांचा नियम होता. मोजमापाची कसोटीही त्यांनी ठरवून घेतली. ज्या वेगाने हत्यार बरोबर २० मिनिटांत पूर्णपणे निकामी होते, तो त्या हत्याराचा प्रमाण कर्तनवेग मानला गेला. ही कसोटी ठरल्यामुळे निरनिराळ्या वर्षी व निरनिराळ्या यंत्रांवर केलेल्या प्रयोगांची तुलना शक्य झाली.

आरंभीच्या प्रयोगांतच काही रूढ समजुती खोट्या ठरल्या. त्या काळी प्रचारात असलेल्या टोकदार हत्यारापेक्षा गोल नाकाचे हत्यार अधिक वेगाने कापू शकते असे आढळले. कीस जेथे धातूपासून सुटतो नेमक्या त्या ठिकाणी पाण्याची मोठी धार सोडल्यास पोलाद कापण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येतो, हेही दिसून आले. या निष्कर्षाच्या आधारे मिडवेल येथील नव्या यंत्रशाळेत प्रत्येक यंत्रापर्यंत पाणी नेण्याची व ते पुन्हा एकत्र करण्याची व्यवस्था करण्यात आली आणि यंत्रे गंजू नयेत म्हणून पाण्यात सोडा मिसळण्यात आला. यंत्रशाळा पाहुण्यांना खुली असूनही अनेक वर्षे फारच थोड्या कारखान्यांनी तिचे अनुकरण केले.

सहा महिन्यांचा अंदाज अर्थातच चुकला. काम पुढे गेले तसे कर्तनवेगावर परिणाम करणारे एकूण १२ स्वतंत्र घटक टेलर यांच्या लक्षात आले. कापावयाच्या धातूचा प्रकार, हत्याराच्या पोलादाची घटना व त्यावरील उष्णतासंस्कार, किसाची जाडी, धारेचा आकार, शीतकाचा वापर, कापाची खोली, हत्यार न घासता किती वेळ चालवायचे तो अवधी, धारेचे कोन, जॉब व हत्यार यांची थरथर, जॉबचा व्यास, हत्यारावर पडणारा किसाचा दाब आणि यंत्राची ओढण्याची शक्ती व त्यावर उपलब्ध असलेल्या गती, असे हे घटक होत. त्यांचे परिणाम एकसारखे नाहीत. कठीण धातू आणि अगदी मऊ पोलाद यांच्या योग्य कर्तनवेगांत १ व १०० इतके अंतर पडू शकते. जुन्या कार्बन पोलादाचे हत्यार व उत्तम उच्चवेगी पोलादाचे हत्यार यांत हे प्रमाण १ व ७ असे आहे, तर शीतकामुळे पडणारा फरक १ व १.४१ इतकाच आहे.

फीडविषयीचा निष्कर्ष कारखान्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरला. किसाची जाडी १/६४ इंचावरून ३/१६ इंचापर्यंत, म्हणजे १२ पट वाढवली, तर कर्तनवेग सुमारे साडेतीन पटींनीच कमी करावा लागतो. त्यामुळे त्याच वेळात निघणारा धातू तिपटीहून अधिक होतो. जेथे केवळ जास्तीचा धातू काढून टाकायचा आहे, त्या प्राथमिक कापात फीड जाड ठेवून वेग कमी करणे लाभदायक आहे, हे यावरून स्पष्ट झाले. आजही खडबडीत कापासाठी हाच नियम सांगितला जातो.

बेथलेहेम व उच्चवेगी पोलाद

मिडवेल सोडल्यावर इ.स. १८९० ते इ.स. १८९३ या काळात टेलर यांनी कागद उद्योगातील एका कंपनीचे सरव्यवस्थापक म्हणून काम केले व त्यानंतर स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. इ.स. १८९८मध्ये बेथलेहेम पोलाद कंपनीने यंत्रशाळेची उत्पादकता वाढवण्यासाठी त्यांना पाचारण केले.

इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट यांनी इ.स. १८६८मध्ये तयार केलेले, हवेतच कठीण होणारे पोलाद तोवर प्रचारात आले होते. अशा पोलादांपैकी सर्वोत्तम कोणते याची निवड टेलर करत होते. निवडलेल्या पोलादाची हत्यारे प्रात्यक्षिकाच्या वेळी मात्र अपेक्षेप्रमाणे चालली नाहीत. भट्टीत ती प्रमाणाबाहेर तापली असावीत अशी शंका आली. टेलर व धातुशास्त्रज्ञ मॉन्सेल व्हाइट यांनी मग तीच हत्यारे टप्प्याटप्प्याने वाढत्या तापमानांना तापवून पाहिली. एका मर्यादेपलीकडे तापवल्यास हत्यार बिघडते ही लोहारांची पिढीजात समजूत होती आणि प्रयोगात ती काही अंशी खरी ठरली. पण तापमान त्याहूनही पुढे, वितळण्याच्या जवळपास नेले, तेव्हा हत्यार पूर्वीपेक्षा कितीतरी सरस झाले. धार लाल होईपर्यंत तापली तरी ते कापत राहिले. बिघाडाच्या भीतीने जेथे सर्व जण थांबत होते, त्याच्या पलीकडे हा शोध दडलेला होता. क्रोमियम व टंगस्टन असलेल्या पोलादावरील ही प्रक्रिया टेलर-व्हाइट प्रक्रिया म्हणून प्रसिद्ध झाली.

इ.स. १९००च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात बेथलेहेम कंपनीने हे हत्यार लेथवर चालवून दाखवले. लालभडक टोकाचे हत्यार पोलादाचा निळसर कीस काढत असलेले पाहून युरोपातील अभियंते थक्क झाले. या शोधाबद्दल टेलर व व्हाइट यांना फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेचे इलियट क्रेसन पदक मिळाले. प्रक्रियेची पेटंटे मात्र इ.स. १९०९मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने रद्द ठरवली. नव्या हत्यारांचा वेग जुन्या यंत्रांना झेपेना, म्हणून पुढील काही वर्षांत लेथ व इतर यांत्रिक हत्यारे अधिक भक्कम व शक्तिशाली बनवावी लागली.

बार्थ यांचा स्लाइड रूल

प्रत्येक घटकाचा परिणाम समीकरणात मांडता आला, तरी बारा घटकांचे गणित लेथजवळ उभ्या असलेल्या माणसाला सोडवता येणे अशक्य होते. टेलर यांचे सहकारी हेन्री गँट व त्यानंतर नॉर्वेत जन्मलेले गणितज्ञ अभियंता कार्ल बार्थ यांनी या प्रश्नावर काम केले. बार्थ इ.स. १८९९मध्ये बेथलेहेमला आले. त्यांनी तयार केलेल्या स्लाइड रूलवर, म्हणजे एकमेकींवर सरकणाऱ्या मोजपट्ट्यांच्या गणनसाधनावर, धातू, हत्यार, खोली व यंत्राची शक्ती यांच्या खुणा जुळवल्या की योग्य वेग व फीड अर्ध्या मिनिटाच्या आत मिळत असे. त्यासाठी गणित येण्याची गरज नव्हती.

या साधनाचा दूरगामी परिणाम झाला. वेग व फीड आता नियोजन कचेरीत ठरू लागले व लेखी सूचनापत्राच्या रूपाने कारागिराकडे जाऊ लागले. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आलेला कारागिराचा अंदाज पट्टीवरील आकड्यापुढे दुय्यम ठरला.

धातू कापण्यावरील निबंध व टेलर समीकरण

इ.स. १९०६मध्ये टेलर अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेचे अध्यक्ष होते. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपले संशोधन अध्यक्षीय निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले. तोपर्यंत प्रयोगांना साहाय्य करणाऱ्या कंपन्यांनाच हे निष्कर्ष गुप्ततेच्या अटीवर मिळत असत. निबंधानुसार २६ वर्षांत ३०,००० ते ५०,००० प्रयोगांची नोंद झाली, ८ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६० टन लोखंड व पोलाद यांचा कीस झाला आणि दीड ते दोन लाख डॉलर खर्च आला.

कर्तनवेग व हत्याराचे आयुष्य यांमधील संबंध या संशोधनातून निघाला. हत्याराच्या आयुष्याचा ठरावीक घात घेऊन त्याला कर्तनवेगाने गुणले असता येणारा गुणाकार स्थिर राहतो, असे हे टेलर समीकरण सांगते. टेलर यांनी हा घात सुमारे १/८ मानला. याचा व्यवहारातील अर्थ असा की, वेग केवळ १० टक्क्यांनी वाढवला तरी हत्याराचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. महाराष्ट्रासह भारतातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत हे समीकरण आजही शिकवले जाते.

शास्त्रीय व्यवस्थापन

लेथवर जे साधले ते प्रत्येक कामात साधेल, अशी टेलर यांची धारणा झाली. काम लहान क्रियांत विभागणे, प्रत्येक क्रियेचा वेळ स्टॉपवॉचने मोजणे, अनावश्यक हालचाली वगळणे, कामासाठी योग्य माणूस निवडून त्याला शिकवणे आणि ठरलेले काम पूर्ण करणाऱ्याला अधिक मजुरी देणे, ही त्यांच्या पद्धतीची प्रमुख अंगे होती. बेथलेहेम येथे फावड्यावर एका वेळी सुमारे २१ पौंड भार असल्यास दिवसाचे काम सर्वाधिक होते असे ठरवून त्यांनी निरनिराळ्या मालासाठी निरनिराळ्या आकारांची फावडी दिली. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या एका मजुराचे रोजचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर व मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेल्याचे त्यांनी लिहिले आहे. या वृत्तांताच्या तपशिलांविषयी पुढे इतिहासकारांनी गंभीर शंका उपस्थित केल्या. काम जवळपास चौपट आणि मजुरी मात्र दुपटीहूनही कमी, ही विषमता टीकाकारांनी वारंवार निदर्शनास आणली.

इ.स. १९१०मध्ये रेल्वेच्या मालवाहतूक दरांवरील सुनावणीत वकील लुई ब्रँडाइस यांनी शास्त्रीय व्यवस्थापन हा शब्दप्रयोग पुढे आणला आणि टेलर यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

विरोध

११ ऑगस्ट, इ.स. १९११ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात स्टॉपवॉचने वेळ मोजण्याच्या विरोधात ओतशाळेतील कामगारांनी संप केला. बार्थ यांनी या कारखान्यात टेलर पद्धत आणली होती. लेथचे वेग व फीड सुधारण्याला जेवढा विरोध झाला नव्हता, तेवढा माणसाच्या हालचालींवर घड्याळ लावण्याला झाला. अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली आणि जानेवारी इ.स. १९१२मध्ये टेलर यांची तिच्यापुढे प्रदीर्घ साक्ष झाली. मालक व कामगार या दोघांच्याही मनोवृत्तीत क्रांती झाल्याशिवाय आपली पद्धत खरी ठरत नाही, अशी भूमिका त्यांनी तेथे मांडली. इ.स. १९१५मध्ये काँग्रेसने लष्करी खर्चाच्या विधेयकाद्वारे सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचच्या वापरास मनाई केली. ही मनाई इ.स. १९४९पर्यंत कायम होती.

टेलर यांच्या मते नगांचे दर मालकांनी मनमानीने उतरवणे हेच कामगारांच्या असहकाराचे मूळ होते आणि मोजमापामुळे ते नाहीसे होणार होते. प्रत्यक्षात अनेक कारखानदारांनी मोजमाप स्वीकारले, पण वाढीव मजुरीचे तत्त्व बाजूला ठेवले. विचार करणे व काम करणे यांची फारकत झाल्याने कुशल कारागीर परावलंबी झाला, अशी मांडणी हॅरी ब्रेव्हरमन यांनी इ.स. १९७४मध्ये केली. याउलट पीटर ड्रकर यांनी कामाचा पद्धतशीर अभ्यास करणारे पहिले विचारवंत म्हणून टेलर यांचा गौरव केला. रशियाचे नेते लेनिन यांनी आरंभी या पद्धतीवर टीका केली, परंतु क्रांतीनंतर इ.स. १९१८मध्ये तिच्यातील उपयुक्त भाग स्वीकारण्याचा पुरस्कार केला.

वैयक्तिक जीवन व मृत्यू

इ.स. १८८४मध्ये टेलर यांचा विवाह लुईस स्पूनर यांच्याशी झाला. या दांपत्याने तीन मुले दत्तक घेतली. टेलर हे उत्तम खेळाडू होते. इ.स. १८८१मध्ये क्लॅरन्स क्लार्क यांच्यासह त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि इ.स. १९००च्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ स्पर्धेत ते चौथे आले. खेळाच्या साधनांतही ते सुधारणा करत असत. इ.स. १९०१मध्ये बेथलेहेम सोडल्यानंतर त्यांनी आपल्या पद्धतीच्या प्रसारास वाहून घेतले. न्यूमोनियाने आजारी पडून ५९व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मार्च, इ.स. १९१५ रोजी, त्यांचे निधन झाले.

ॲल्युमिनियम व नंतरचा काळ

टेलर यांचे कोष्टक पोलाद व बीड यांच्यासाठी होते. ॲल्युमिनियम विद्युत्‌विच्छेदनाने स्वस्तात मिळवण्याची रीत इ.स. १८८६मध्ये सापडली आणि यंत्रशाळेत हा धातू मोठ्या प्रमाणावर पुढे विसाव्या शतकात आला. त्याच्या बाबतीत अडचणीचे स्वरूप वेगळे असते. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, तर कार्बाइडची हत्यारे त्याहून अधिक तापमानातही आपला कठीणपणा टिकवून ठेवतात. त्यामुळे धार मऊ पडण्याची पोलादाच्या वेळची भीती येथे बरीच कमी होते व कर्तनवेग कितीतरी अधिक ठेवता येतो. उच्चवेगी पोलादाच्या हत्याराने मऊ पोलाद साधारणपणे मिनिटाला २५ ते ३० मीटर वेगाने कापतात, तर ॲल्युमिनियमच्या सामान्य मिश्रधातूंसाठी ६० ते १२० मीटर वेग चालतो. कार्बाइडने हा वेग कित्येक शे मीटरपर्यंत जातो आणि पुष्कळदा यंत्राच्या फिरण्याची कमाल गती हीच मर्यादा ठरते.

उदाहरणार्थ, १२ मिलिमीटर व्यासाच्या कटरने मिनिटाला ९० मीटर कर्तनवेग हवा असल्यास कटर मिनिटाला सुमारे २,३९० फेरे फिरवावा लागतो. कटरला दोन धारा असून प्रत्येक धारेमागे ०.०८ मिलिमीटर फीड दिला, तर टेबल मिनिटाला सुमारे ३८० मिलिमीटर सरकते. फीड फार कमी ठेवल्यास धार धातू कापण्याऐवजी त्यावर घासत राहते. मऊ ॲल्युमिनियम धारेला चिकटून तिच्यावर थर साचणे व कटरच्या खाचांत कीस अडकणे हे येथील नेहमीचे दोष आहेत. म्हणून तीक्ष्ण धार, कमी दात, गुळगुळीत खाचा आणि कीस वाहून नेणारे शीतक यांना महत्त्व येते. सिलिकॉनचे प्रमाण अधिक असलेल्या मिश्रधातूंत मात्र सिलिकॉनचे कठीण कण धार झिजवतात. तेथे वेग वाढवला की हत्याराचे आयुष्य झपाट्याने घटते व टेलर समीकरणाचा पुन्हा आधार घ्यावा लागतो.

जर्मनीतील कार्ल सॉलोमन यांनी इ.स. १९३१मधील पेटंटात असा दावा केला की, कर्तनवेग एका मर्यादेपलीकडे नेल्यास तापमान पुन्हा उतरू लागते. हा दावा प्रयोगांनी पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, परंतु अतिवेगवान यंत्रणाच्या संशोधनाला त्यातून चालना मिळाली. बार्थ यांच्या पट्टीची जागा आता हत्यार उत्पादकांच्या कोष्टकांनी व संगणकीय प्रणालींनी घेतली आहे. तरीही कोष्टकातील आकडा हा आरंभबिंदूच समजला जातो. यंत्राचा भक्कमपणा, जॉबची पकड व थरथर पाहून त्यात फेरफार करण्याचे काम यंत्रावरील माणसाकडेच राहिले आहे. हे तिन्ही मुद्दे टेलर यांच्या बारा घटकांच्या कक्षेत येतात.

ग्रंथ व निबंध

अ पीस-रेट सिस्टम (इ.स. १८९५)
शॉप मॅनेजमेंट (इ.स. १९०३)
काँक्रीट, प्लेन अँड रीइन्फोर्स्ड (इ.स. १९०५, सॅनफर्ड टॉम्पसन यांच्यासह)
ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स (इ.स. १९०६)
द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट (इ.स. १९११)